फीत कापायला थोरला भाऊ

इंजिर हॉटेल, ३ जुलै १९९५

तुर्गुत बाळा,

पोचले एकदाची. एस्किशेहिरपासून इथपर्यंत बसमधल्या शेजारणीनं आपल्या तिन्ही सुनांची उणीदुणी काढली, त्यामुळे प्रवास कसा झाला ते कळलंही नाही. हॉटेल चांगलं आहे. पायरी उतरलं की पाणी. आता त्या पाण्याचं मी काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही, पण बघायला बरं वाटतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं रोज सकाळी मला तापल्या वाळूत कमरेपर्यंत पुरतात. एक फावडं मारतो, एक पाणी पाजते, आणि डोक्यावर छत्री धरायला मॅनेजर फिक्रेत बे स्वतः! काल मी म्हटलं, "अरे, एवढ्या आदरानं तर तुर्गुतच्या बापालाही पुरलं नव्हतं." हसावं की नाही, या पेचात पडली बिचारी.

माणसं लाख मोलाची आहेत, फक्त मला काडीचं काम करू देत नाहीत. पहिल्या दिवशी मी उठून पलंग आवरला, फरशी पुसून काढली, तर खोल्या आवरणारी गुलिझार रडकुंडीला आली. "मावशी, साहेब म्हणतील मी आलेच नाही!" मग आम्ही दोघींनी समझोता केला. चादरीचं एक टोक तिचं, एक माझं. पोरगी इथलीच, डोंगरावरच्या गावातली. हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून.

आणि नाश्त्याचा आचारी इल्हामी. पहिल्याच सकाळी त्यानं माझे सुजलेले पाय बघितले नि विचारलं, "मावशी, ब्लडप्रेशर ना?" तेव्हापासून माझं चीज तो आदल्या दिवशी पाण्यात भिजवून खारटपणा काढून ठेवतो. सांगितलं नव्हतं रे कुणी. अनाथाश्रमात वाढलेला आहे. आई कोण, बाप कोण, काही माहीत नाही. मी विचारलं, "तुला कुणी शिकवलं रे हे सगळं?" तर म्हणाला, "शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून बघत बसायची सवय लागली."

यंदाही तुला यायला जमत नाही म्हणून तू मला इकडे पाठवलंस, एवढं कळतं मला. दोन वर्षं झाली. कारखान्यात फोरमन म्हणजे जबाबदारी मोठी, असं मी शेजारणींना सांगते. पण फोरमनलाही आई असते. असो. फोन करू नकोस, तो मॅनेजरच्या टेबलावर आहे आणि सगळं हॉटेल कान देऊन ऐकतं. पत्र लिही. जेवतोस ना वेळेवर?

तुझी आई

कोलोन, १२ जुलै

आई,

तू खुशीत आहेस हे वाचून बरं वाटलं. गुडघ्याला उतार पडला की नाही ते मात्र तू लिहिलंच नाहीस.

एक सांगतो, राग मानू नकोस. हॉटेलातली माणसं गोड बोलतात, कारण ते त्यांचं काम आहे. मान किती वाकवायची, "झोप लागली का?" कसं विचारायचं, सगळं शिकवलेलं असतं. पाहुण्यानं पाठ फिरवली की चेहरा पुसून टाकायचा आणि पुढच्या टेबलाकडे वळायचं. दिवसभर हसून गाल दुखतात. त्यात खरं काही नसतं. तू निघालीस की त्याच खोलीत दुसरी मावशी येईल आणि इल्हामी तिचंही चीज भिजवेल.

तू भोळी आहेस. कुणाला घरी बोलावू नकोस, आणि माझे जुने स्वेटर वाटत सुटू नकोस. महिनाभर आराम कर, वाळूत बस, घरी जा.

मी ठीक आहे. काम भरपूर. जेवतो.

तुर्गुत

इंजिर हॉटेल, २० जुलै

तुर्गुत,

गाडीचे भाग बनवता बनवता हॉटेलातल्या माणसांचे गाल दुखतात हे तुला बरं कळलं! आणि स्वेटरचं म्हणशील तर एक दिलासुद्धा. हिरवा. तुला तो कधीच शोभला नाही.

आता ऐक. इथे एक भानगड झाली आहे आणि माझा जीव त्यात अडकलाय.

इल्हामीचं आणि गुलिझारचं एकमेकांवर मन आहे. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. ती स्वयंपाकघरात शिरली की हा कांदा चिरता चिरता शीळ घालायचा थांबतो. पण या शहाण्यानं काय केलं माहीत आहे? सुट्टीच्या दिवशी नवा शर्ट घातला, चॉकलेटचा डबा घेतला, आणि एकटाच डोंगर चढून तिच्या बापाकडे मागणी घालायला गेला. एकटा! स्वतःची मागणी स्वतः! अनाथाश्रमात हे कुणी सांगितलं नसेल की पोरीला मागायला मोठी माणसं जातात, पोरगा मान खाली घालून कोपऱ्यात बसतो.

बाप दुरमुश आगा, ऑलिव्हच्या बागा असलेला, मिशीवाला. त्यानं इल्हामीला बसवलं, चॉकलेटचा डबा परत त्याच्याच मांडीवर ठेवला आणि कॉफीऐवजी ताक आणवलं. कॉफी आली असती तर ती गुलिझारनं आणली असती. ताक आतून तिच्या धाकट्या भावानं आणून दिलं. तिथेच उत्तर मिळालं. वर आगा म्हणाला, "पोरा, तू वाईट नाहीस. पण तुझ्यामागे कोण आहे? उद्या माझी मुलगी रडत आली तर मी कुणाच्या दारात जाऊन भांडू? तुझी मोठी माणसं पाठव." आणि दार उघडून दिलं.

तेव्हापासून पोरगा अंडी करपवतोय. गुलिझार माझ्या खोलीत येऊन उशीच्या अभ्र्यात तोंड खुपसून रडते, मग तोच अभ्रा बदलते. बापाला सोडून ती पळून जाणार नाही, हेही तिनं मला स्पष्ट सांगितलं. मॅनेजर फिक्रेत बे स्वतःच अविवाहित, त्याला कोण मोठं मानणार?

म्हणून मीच जायचं ठरवलंय. मोठं माणूस हवं ना? मी काय लहान आहे?

माझा महिना संपत आलाय, पण फिक्रेत बेनं धोबिणीच्या खोलीशेजारची खोली मला दिली आहे. त्या बदल्यात सकाळी मी नाश्त्याला चीज भरून बोरेक लाटते. बघ, कामही मिळालं.

आई

कोलोन, २९ जुलै

आई,

असलं काही करू नकोस. हात जोडतो.

त्या माणसाला तू महिनाभर ओळखतेस. मागणी घालायला जाणं म्हणजे शब्द देणं, हे मी तुला सांगायला हवं का? उद्या त्यानं तिला मारलं, टाकून दिलं, तर दुरमुश आगा कुणाच्या दारात येईल? तुझ्या. या वयात परक्याच्या संसाराला जामीन राहणार आहेस?

आणि त्याला कुणी नाही, म्हणजे तू त्याची आई झालीस का? तुला मुलगा आहे. एकच आहे, आणि तो जिवंत आहे. हिरवा स्वेटर माझा आवडता होता.

घरी जा.

तुर्गुत

इंजिर हॉटेल, ८ ऑगस्ट

तुर्गुत,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मी जाऊन आले होते. त्यामुळे तुझं ऐकण्याचा प्रश्नच उरला नाही. पण हे पत्र पूर्ण वाच. शेवटी तुझ्याशी काम आहे, तोवर फाडू नकोस.

भाजीच्या गाडीतून गेलो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे इल्हामी, फिक्रेत बे, माळी, दोन्ही वेटर आणि धोबीण. मी म्हटलं, "अरे, मागणी घालायला चाललोय की गाव लुटायला?" पण कुणी उतरायला तयार नाही. हॉटेलात राहिलेल्या अंकाराच्या पाहुण्यांनी सांगितलं, आमचं आम्ही वाढून घेतो, भांडीही घासतो, तुम्ही होकार घेऊन या!

दुरमुश आगाच्या घरी बसायला जागा पुरेना. गुलिझारची आत्या बाटलीतून लिंबाचं सुगंधी पाणी प्रत्येकाच्या हातावर ओतत दमली. हवापाण्याचं बोलणं झालं. मग कॉफी आली, गुलिझारनंच आणली, आणि माझ्या जिवात जीव आला.

आता गंमत ऐक. नवऱ्या मुलाच्या कपात मुली मीठ घालतात आणि तो तोंड वाकडं न करता पितो का ते सगळे बघतात, हे तुला ठाऊक आहे. गुलिझारनं इल्हामीचा कप ट्रेच्या कोपऱ्यात ठेवला होता. पण आत्याबाई मध्ये पडल्या, "आधी मोठ्यांना गं!" म्हणून ट्रेच गर्रकन फिरवला. खारट कप माझ्या हातात! पहिल्या घोटालाच कळलं. समुद्र बरा. पण मी जर तोंड वेडंवाकडं केलं असतं तर पोरीची फजिती. डॉक्टरांची क्षमा मागून गटागटा प्यायले. तिकडे इल्हामीला बिचाऱ्याला गोड कॉफी. त्याला सगळ्यांनी बजावलं होतं, चेहरा हलवू नकोस, म्हणून तो दगडासारखा बसून गोड कॉफी पितोय, आणि आत्या कौतुकानं म्हणतेय, "काय धीराचा आहे हो मुलगा!"

मग मी पाठ ताठ केली आणि बोलले. "अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबरांच्या वचनानं, तुमची लेक गुलिझार आमच्या इल्हामीसाठी मागायला आलोय." तुर्गुत, हे वाक्य म्हणायची माझी किती वर्षांची हौस होती! तुझ्यासाठी म्हणायचं होतं.

आगानं मिशी ओढली. मग मला म्हणाला, "बाई, तुमच्या पांढऱ्या केसांचा मान आहे. पण तुम्ही त्याच्या कोण?"

"आजपासून आई."

"मग तुमचा स्वतःचा मुलगा आहे?"

"आहे. जर्मनीत. फोरमन आहे."

"मग तो कुठाय? भावाची मागणी घालायला थोरला भाऊ नाही आला? सणाला तरी येतो का तुमच्याकडे?"

त्यानं टोमणा मारला नाही, साधं विचारलं. पण सगळी खोली माझ्याकडे बघत होती. शेजारणी बघतात ना, तशी. आणि मी खोटं बोलले. म्हटलं, "दर सणाला येतो. या वेळी कामात अडकला. साखरपुड्याला येणार आहे."

आगाचा चेहरा उजळला. म्हणाला, "असं बोला की! मग ठरलं. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी अंगठ्या घालू. दोन अंगठ्यांना जोडणारी फीत तुमचा मुलगा कापेल. घरात कर्ता पुरुष आहे हे मला डोळ्यांनी दिसू दे, मी मुलगी दिली. नाही आला, तर बाई, मला क्षमा करा." सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. इल्हामीनं माझ्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावला.

तर असं आहे. आता पोरीचं लग्न तुझ्या येण्यावर अडकलंय. दोष माझा आहे, त्यांचा नाही. दोन दिवसांसाठी ये. नंतर पुन्हा दोन वर्षं येऊ नकोस हवं तर.

आई

कोलोन, १९ ऑगस्ट

आई,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात मी तुला खूप बोललो होतो.

येऊ शकत नाही. रजा मिळणार नाही हे खरं आहे, पण कारण ते नाही.

मी फोरमन नाही. कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद झाला. मी स्टेशनजवळच्या एका हॉटेलात आहे. सकाळी नाश्ता वाढतो, प्लेटा उचलतो, दुपारी बॅगा वर नेतो. मान किती वाकवायची हे मला शिकवलंय. गाल दुखतात ते मला कसं कळलं, म्हणून तू टोमणा मारला होतास ना. तुला सांगितलं नाही, कारण तू गल्लीभर फोरमन, फोरमन म्हणत फिरायचीस. घरी आलो असतो तर पहिल्या चहाला सगळं बाहेर आलं असतं. तुझ्यासमोर मला खोटं रेटता येत नाही. म्हणून आलोच नाही.

इथे दोन वर्षांत एकाही पाहुण्यानं मला नाव विचारलेलं नाही. आणि तू तिकडे लिहितेस, इल्हामीचं असं, इल्हामीचं तसं. ज्या आचाऱ्याला मी बघितलंही नाही त्याचा मला हेवा वाटला, आई. तू माझी आई, आणि नाश्ता वाढणाऱ्या दुसऱ्याच पोराची चौकशी करत होतीस. म्हणून तसं तिरकस लिहिलं.

आता सांग, असल्या माणसानं कर्ता पुरुष म्हणून कुठल्या तोंडानं उभं राहायचं? दुरमुश आगा पहिलाच प्रश्न विचारेल, काय करतोस? त्या पोराचं जुळलेलं मोडेल. त्यापेक्षा मी आजारी आहे असं सांग.

तुर्गुत

इंजिर हॉटेल, २७ ऑगस्ट

माझ्या बाळा,

मला राग आलाय. खूप आलाय. नोकरी गेली म्हणून नाही रे. दोन वर्षं तू असा एकटा बसून जेवलास आणि मी इकडे फोरमनच्या आईचा तोरा मिरवत होते, म्हणून. कुणी सांगितलं तुला की मला फोरमन हवा होता? गल्लीला सांगायला काहीतरी लागतं, म्हणून सांगत होते. मला तू हवा होतास.

तुझं पत्र मी इल्हामीला वाचून दाखवलं. विचारलं नाही तुला, क्षमा कर, पण त्याचा जीव टांगणीला लागलाय, त्याला कळायला हवं होतं. तो हातातलं काम टाकून बाहेर वाळूवर जाऊन उभा राहिला. परत आल्यावर म्हणाला, "मावशी, दादाला ओढून आणू नका. आगाला मी स्वतः खरं काय ते सांगतो. नाही म्हणाला तर आणखी वर्षभर थांबू. मला थांबायची सवय आहे." मग दाराशी थांबून म्हणाला, "पण तो आलाच, तर त्याला सांगा, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. दोन वर्षं वाढतोय ना तो? त्यानं नुसतं बसायचं. मी वाढतो."

हे त्याला कुठल्या मॅनेजरनं शिकवलेलं नाही, तुर्गुत.

मी आगाला अजून काही कळवलेलं नाही. आजारी आहेस असंही सांगणार नाही. तुझ्या आजाराचं खोटं माझ्या जिभेवर यायचं नाही. तिसरा शनिवार. दुपारी दोनची बस फाट्यावर थांबते. बस येईल तेव्हा मी तिथे उभी असेन. एवढंच.

आई

कोलोन, २० सप्टेंबर

आई,

काल कामावर रुजू झालो. तू दिलेला बोरेक विमानातच संपला. शेजारच्या जर्मन बाईलाही दिला, ती म्हणाली, तुमच्या आईला माझा सलाम.

तुला एक सांगायचं राहिलं. फाट्यावर तू माझ्या गळ्यात पडून रडलीस, मग साखरपुड्याची धांदल, मग परतीची घाई. आपण दोघंच असे बसलोच नाही.

त्या संध्याकाळी मी दोघांच्या बोटांत अंगठ्या घातल्या, आणि आत्यानं ट्रेमधून कात्री पुढे केली. अंगठ्यांमधली ती तांबडी फीत. मोठ्या माणसानं दोन शब्द बोलायचे आणि कापायची. शब्द मी विमानात घोकून ठेवले होते. तोंड उघडलं, तेवढ्यात इल्हामी माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "दादा, जेवलास का नीट?" बास. त्याच्या स्वतःच्या साखरपुड्यात! माझ्या बोटांतली ताकदच गेली. कात्री मिटेना. एकदा, दोनदा. फीत जशीच्या तशी.

आणि सगळे ओरडायला लागले, "कात्री बोथट आहे! कात्री बोथट आहे!" त्यांना वाटलं, मी रीत पाळतोय, नवऱ्याकडच्यांकडून ओवाळणी काढायची म्हणून कात्री चालत नाही असं नाटक करतोय. फिक्रेत बेनं ट्रेमध्ये नोट टाकली, माळ्यानं टाकली, अंकाराच्या पाहुण्यांनी टाकली. सगळे हसताहेत, गुलिझारसुद्धा हसतेय, आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं, आई. डोळे भरून आले होते.

एकट्या दुरमुश आगाला कळलं. तो माझ्याजवळ सरकला आणि इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "सावकाश, पोरा. आम्हाला घाई नाही." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "अरे, जर्मनीला कात्र्या मिळत नाहीत वाटतं! याला सवयच नाही!" हशा पिकला. त्या हशात मी बाहीनं तोंड पुसलं आणि फीत कापली.

नंतर अंगणात त्यानं विचारलंच, काय करतोस? मी खरं सांगितलं. हॉटेलात प्लेटा उचलतो. त्यानं मिशी ओढली. मग म्हणाला, "म्हणजे जावयाच्याच धंद्यात की! बरं झालं. दोघं एकमेकांचं समजून घ्याल." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

कात्री चांगली धारदार होती, एवढं तुला सांगायचं होतं. बाकी कुणाला सांगू नकोस.

काल सकाळी नाश्त्याला एक म्हातारी आली, एकटीच. सुजलेले पाय. मी तिच्यासाठी बिनमिठाचं चीज मागवलं. तिनं मान वर केली आणि माझं नाव विचारलं.

आज साहेबाकडे फेब्रुवारीतली रजा मागितली, बायरामच्या सणापासून पुढचे दहा दिवस. तो म्हणाला, आत्ताच तर जाऊन आलास, आता पुन्हा घरी काय आहे?

मी म्हटलं, धाकट्या भावाचं लग्न आहे.

तुर्गुत